दुधाच्या हिशेबाखाली

‘दूध दीड शेर. गवळ्याची बाकी बारा आणे. रॉकेल संपले. उत्पत्ती ३२. माझे नाव मी अजून सांगितले नाही.’

आजीच्या वहीतलं हे पान १९५३ च्या मार्चमधलं. शाई तेव्हा निळी असेल, आता तपकिरी झाली आहे. ‘नाही’खाली तिनं दोन रेघा ओढल्या आहेत. दुसरी इतक्या जोरात ओढली आहे की टाकाचं टोक कागदात घुसलं आणि खालच्या पानावर ओरखडा उमटला. वही हिशेबाचीच आहे, वाण्याकडे मिळते तसली, लाल कापडी पुठ्ठ्याची. वर दूध, धान्य, खोलीचं भाडं. त्याखाली पवित्र शास्त्रातला त्या दिवशी वाचलेला अध्याय. आणि त्याच्याखाली एखादं वाक्य, फार तर दोन.

अशा एकेचाळीस वह्या शीळफाट्याच्या आमच्या घरात, माझ्या पलंगाखाली पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. आजीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आधी वर्षभर मी ट्रंक उघडली नाही. मग उघडली, आणि तेव्हापासून रोज रात्री एक पान वाचते. आपण कोण आहोत, याचं उत्तर मला कुठल्याही दाखल्यात मिळालं नव्हतं. ते या हिशेबाखालच्या ओळींमध्ये थोडंथोडं मिळत गेलं, म्हणून हे लिहायला बसले.

शीळफाट्याला आम्ही २००३ साली राहायला आलो. खिडकीखाली रस्ते फुटतात: एक कल्याणकडे, एक मुंब्र्याकडे, एक पनवेलकडे, एक डोंगर ओलांडून महाप्याकडे. रात्रभर कंटेनर चालू असतात. आता कल्याणच्या रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिलेत, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा बुलेट ट्रेनचा एकवीस किलोमीटरचा बोगदा खाडीखालून येऊन आमच्याच फाट्याला उजेडात येणार आहे. शीळ, डायघर, देसाई, पडले, खिडकाळी या गावांतले आगरी सोडले, तर इथं सगळेच कुठून कुठून आलेले. म्हणून लिफ्टमध्ये पहिला प्रश्न असतो, ‘तुमचं गाव कुठलं?’ मी सांगते, ‘राहुरीजवळ, नगर जिल्हा.’ मग नाताळात दारावर चांदणी लागते आणि दुसरा प्रश्न येतो, ‘तुम्ही ख्रिश्चन? मग मराठी इतकं चांगलं कसं बोलता?’

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. डोंबिवली-कल्याणकडे ख्रिस्ती म्हटलं की लोकांना केरळचे, मंगळूरचे, गोव्याचे आठवतात. ठाण्या-वसईकडे ईस्ट इंडियन नाहीतर कुपारी. कीर्तन करणारे, ओवी गाणारे, पुरणपोळी करून उपासनेला जाणारे नगरचे ख्रिस्ती त्यांना माहीतच नसतात. पण पन्नाशी ओलांडली तरी हा प्रश्न आला की मी अजून क्षणभर थांबते. आजीच्या त्या दोन रेघांचा अर्थ मला तिथं कळतो.

आजीच्या गोष्टी सुरू व्हायच्या तिच्या आईपासून. पणजी म्हणजे छप्पन्याच्या दुष्काळातली पोर. संवत १९५६, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००. त्याआधी तीनच वर्षं मोठा दुष्काळ पडून गेला होता, प्लेग होता, आणि त्यात हे वर्ष कोरडं गेलं. गावकुसाबाहेरच्या घरांत आधीही काही नव्हतं, मग तर झाडाचा पाला उकडून खाल्ला. पणजी सहा वर्षांची होती. बाप वाटेत गेला, आईनं तिला नगरच्या मिशनच्या आवारात आणून सोडलं आणि ‘पाणी पिऊन येते’ म्हणून गेली ती आलीच नाही. आजी एवढं सांगून नेहमी थांबायची. मी लहानपणी विचारायचे, ‘मग ती कुठे गेली गं?’ आजी म्हणायची, ‘पाणी प्यायला गेली, बाळा. एवढंच माहीत आहे आपल्याला.’

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून होतं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली तिथंच सुरू झालं. मिशनरी साहेब लोक रोजनिश्या लिहीत, पत्रं लिहीत, बोस्टनच्या मुख्य कचेरीला अहवाल पाठवत, आणि त्यांतला मजकूर तिकडच्या मासिकात छापून येई. त्या अहवालांत आमची माणसं असायची ती बहुतेक संख्येनं: इतक्यांना बाप्तिस्मा, इतकी अनाथ मुलं, इतक्या शाळा. पणजी त्यातल्या कुठल्या तरी बेरजेत एक असणार. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. त्याच लोकांनी तिला जेवू घातलं आणि अक्षर शिकवलं. पण तिच्याविषयी जे लिहिलं गेलं ते दुसऱ्यानं, दुसऱ्याच्या भाषेत, सातासमुद्रापलीकडच्या वाचकासाठी, हेही खरंच आहे.

पुढे पणजी बायबलबाई झाली. डोक्यावर पदर, काखेत पुस्तक, आणि दिवसाला दोन-तीन गावं पायी. बायकांना वाचून दाखवायचं, गाणी शिकवायची, जमलं तर अक्षरओळख करून द्यायची. ती छापील अक्षर घडाघडा वाचायची, पण तिला लिहिता येत नव्हतं. सहीपुरतं नाव तेवढं गिरवायची. मला हे फार दिवस खरंच वाटत नव्हतं. वाचता येतं ते लिहिता कसं येणार नाही? आजी सांगायची, ‘वाचायला शिकवलं होतं, कारण शास्त्र वाचायचं होतं. बाईनं लिहायचं काय, हे कुणालाच सुचलं नव्हतं.’

म्हणून आमच्या घरात लक्ष्मीबाई टिळकांना एवढा मान. त्या १८६८ साली नाशिकजवळ जलालपूरला जन्मल्या, शाळेत कधी गेल्या नाहीत. नवऱ्याचं, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं, सगळंच वेगळं. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं टिळकांना नवा करार दिला. टिळकांनी नेहमीच्या सवयीनं हातात पेन्सिल घेऊन खुणा करत तो वाचायला घेतला, आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो धक्काच होता. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर त्या मुलाला घेऊन नगरला आल्या, तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग एका रात्री जागून विचार करता करता त्यांच्या मनातली जात गळून पडली, आणि यापुढे कुणाच्याही हातचं खायचं असं त्यांनी ठरवलं. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

ती रात्र आजी अशी सांगायची, जणू आपण खाटेच्या पायथ्याशी बसलो होतो. तिच्या दृष्टीनं टिळकांपेक्षा मोठा चमत्कार लक्ष्मीबाईंचा. टिळक पुस्तकातून आले, तुकोबांच्या अभंगांवरून चालत आले. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या मागून आल्या नाहीत. आपला आपण विचार करून आल्या. आणि उतारवयात त्यांनी हे सगळं ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून काढलं. पहिला भाग १९३४ चा. बोलतात तसंच लिहिलं, पंडिती भाषेचा गंध नाही. आजीच्या पिढीतल्या नगरच्या मुलींनी त्या पुस्तकातून एक गोष्ट घेतली: घरात जे घडतं, चुलीपाशी जे मनात येतं, तेही लिहिण्याजोगं असतं.

याआधी लिहिणारे झालेच होते. बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले, १८५७ साली त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं आणि पुढे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. मराठीत स्वतःच्या अंतरंगाचा हिशेब असा उघड मांडण्याची वाट पाडणाऱ्यांत ते आहेत. पण आजोबांना ‘अरुणोदय’ प्रिय, आजीला ‘स्मृतिचित्रे’. दोघांचं यावरून कायम चालायचं.

आजोबांची ओढ होती जुन्या इतिहासाची. ते कल्याणजवळच्या एका कारखान्यात फिटर होते, आणि कुणी ‘तुमचा धर्म परका’ म्हटलं की ताठ होऊन सांगायचे, ‘सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहून गेलाय, कल्लियानात ख्रिस्ती आहेत, त्यांचा बिशप पर्शियातून नेमला जातो. ते कल्लियान म्हणजे आपलं कल्याण!’ अनेक अभ्यासक तसं मानतात, सगळे मानत नाहीत. आजोबा मात्र सर्वमान्य असल्यासारखं सांगत. ठाण्याला १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, ती हकिगतही त्यांना तोंडपाठ. आजी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, ‘असतील हो. पण माझी आई कुठल्या कल्लियानातून आली नव्हती. ती आली दुष्काळातून.’

तिला कल्याणची वेगळीच बाई आवडायची. आनंदीबाई जोशी, १८६५ साली कल्याणात जन्मलेल्या. अमेरिकेला जाण्याआधी, १८८३ च्या फेब्रुवारीत, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी सांगितलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्लंडात वाँटेजला पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. दोघी एकमेकींच्या नात्यातल्या. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली तेव्हा रमाबाई फिलाडेल्फियाला समारंभात हजर होत्या. आजी म्हणायची, ‘एकीनं सांगितलं मी बदलणार नाही, दुसरीनं सांगितलं मी बदलले. दोघींनी स्वतः सांगितलं.’ रमाबाई ख्रिस्ती झाल्या तरी शाकाहारी राहिल्या, आणि गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी वाँटेजच्या सिस्टरशी पत्रांतून घातला. हे मी आजीला वाचून दाखवलं तेव्हा तिनं पुन्हा वाचायला लावलं.

आता त्या १९५३ च्या पानाकडे येते. १९५१ ला लग्न होऊन आजी कल्याणला एका चाळीत आली. तिचं नाव फुलाचं, आडनाव मराठ्यांत आणि आमच्यात सारखंच चालणारं. शेजारणींनी आपोआप जे समजायचं ते समजून घेतलं, आणि वीस वर्षांच्या नव्या नवरीनं ते दुरुस्त केलं नाही. दोन वर्षं ती रविवारी उपासनेला जाताना ‘मामांकडे जाते’ म्हणायची. तिला दोन गोष्टी झाकायच्या होत्या. ख्रिस्ती आहोत हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: आधी कोण होता?

उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायात याकोब यब्बोक नदीकाठी रात्रभर अनोळखी पुरुषाशी झुंजतो. उजाडायला आल्यावर तो पुरुष त्याला विचारतो, तुझं नाव काय? आजीनं मला याची मेख सांगितली होती. असाच प्रश्न याकोबाला तरुणपणी त्याच्या आंधळ्या बापानं विचारला होता, आणि तेव्हा आशीर्वादासाठी त्यानं भावाचं नाव सांगितलं होतं, मी एसाव म्हणून. इतक्या वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी त्यानं खरं सांगितलं, आणि त्याला नवं नाव मिळालं. जाताना मात्र तो लंगडत गेला.

दोन आठवड्यांनी वहीत ओळ आहे, ‘आज नळावर सांगितले.’

काय झालं ते तिच्या तोंडून ऐकलंय. दुसऱ्या दिवशी तिच्या हंड्याभोवती जागा मोकळी राहिली. कुणी भांडलं नाही, फक्त जागा मोकळी राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी भाजीवाली आगरीण आली. डायघरहून चालत कल्याणला भाजी आणायची, डोक्यावर पाटी, कासोट्याचं लुगडं. ती चाळीतल्या सगळ्यांच्या देखत आजीच्या उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, ‘अगो बाय, पानी दे जरा.’ आजीनं तांब्या दिला. ती वरून ओतून घेत प्यायली नाही, तांब्या तोंडाला लावून प्यायली, आणि उरलेलं पाणी पायावर ओतून उठली. तिला नळावरचं कळलं होतं की नव्हतं, हे आजीला कधीच कळलं नाही. त्या दिवशी वहीत दूध आहे, मेथीच्या दोन जुड्या आहेत, आणि खाली एवढंच: ‘पाणी प्यायली.’

पन्नास वर्षांनी आम्ही शीळफाट्याला घर घेतलं. सामान लागायच्या आधी आजीनं विचारलं, ‘डायघर कुठल्या अंगाला आलं?’

सरकारी कागदांची गोष्ट वेगळीच होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठरवला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेले आजही बाहेरच आहेत. विहिरीवर आमची जात लोकांना ठाऊक होती, फॉर्मवर मात्र ती नव्हती. माझ्या वडिलांना शिष्यवृत्ती मिळाली नाही तेव्हा आजोबांनी टेबलावर मूठ आपटल्याचं मला सांगितलंय. ‘पुन्हा हिंदू म्हणून लिहा’ असा सल्ला देणारे आपलेच होते. आजीच्या वहीत त्या दिवशी वाक्य आहे, ‘नाव एकदा सांगून झाले.’ मी ते वाचते तेव्हा मला अभिमानही वाटतो आणि रागही येतो, वडिलांच्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचा. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं एक पुसून टाकण्याचा प्रयत्न मी आता सोडून दिला आहे.

ती काय लिहायची यापेक्षा कसं लिहायची हे मला फार उशिरा उमगलं. ती देवाला मोठमोठ्या विनवण्या लिहीत नाही. दिवसातला एकच क्षण पकडते. ‘सुनेला टाकून बोलले. उद्या माफी मागणे.’ दुसऱ्या दिवशी, ‘मागितली नाही.’ तिसऱ्या दिवशी, ‘मागितली.’ ती सून म्हणजे माझी आई. तिला हे पान दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘मला तर आठवतही नाही गं,’ आणि बराच वेळ पान हातात धरून बसली.

४ एप्रिल २०१३, गुरुवार. ईस्टर होऊन चारच दिवस झाले होते. त्या संध्याकाळी आमच्या शीळफाट्याला बेकायदा बांधलेली इमारत कोसळली आणि चौऱ्याहत्तर माणसं गेली. त्यांत मजूर होते, त्यांच्या बायका होत्या, मुलं होती. रात्रभर सायरन. आजी ब्याऐंशी वर्षांची, खिडकीपाशी खुर्चीत बसून होती. सकाळी वही पाहिली तर दुधाचा हिशेब नाही, अध्याय नाही. फक्त, ‘यांची नावे कोण लिहील.’ प्रश्नचिन्ह ती कधीच देत नसे.

आता सांगायची एकच वही राहिली, १९५६ ची. तिच्यात ऑक्टोबरच्या जागी चार पानं फाडलेली आहेत. नीट, पट्टी लावून फाडल्यासारखी. एकेचाळीस वह्यांत दुसरीकडे कुठंही पान फाडलेलं नाही. मला वाटायचं, इथं तिनं असं काही लिहिलं असेल जे तिला ठेवायचं नव्हतं. फाडलेल्या जागेआधीच्या पानावर १६ ऑक्टोबरची नोंद आहे: ‘दूध एक शेर. साबण वडी एक. भाऊजी नागपूरहून आले. पांढरे कपडे मळले होते, धुऊन टाकले.’

भाऊजी म्हणजे आजोबांचे चुलतभाऊ. आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या धाकट्या भावानं घेतला नव्हता. त्याचे हे चिरंजीव. कल्याणला रेल्वेत होते. १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांत तेही होते, आणि परतताना पहिल्यांदा वहिनीच्या खोलीवर आले. पुढे दोन घरांत जाणं-येणं राहिलं, पण पातळ होत गेलं. त्यांच्याकडे जयंती, आमच्याकडे नाताळ.

गेल्या वर्षी त्यांची नात आमच्या घरी आली. कॉलेजात शिकवते, उल्हासनगरला राहते. मी ट्रंक उघडली, १९५६ ची वही तिच्यापुढे ठेवली. तिनं साबणाची ओळ वाचली आणि हसली. ‘आजोबा सांगायचे हे. गाडीत दोन रात्री काढून आले होते. वहिनीला राग आला असेल म्हणून दारातच उभे राहिले. वहिनी म्हणाली, आधी कपडे काढा, धुवायला टाकते.’

‘मग?’

‘मग कपडे वाळेपर्यंत आजोबा तुमच्या आजोबांचा पायजमा घालून बसले होते. ते बोलायला लागले, तर वहिनी म्हणाली, मला सांगू नका, मी विसरेन. लिहा. आणि वहीतली पानं काढून दिली.’

तिनं पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. आत चार पानं, दोन्ही बाजूंनी पेन्सिलीनं भरलेली, रेल्वेच्या माणसाचं ठसठशीत अक्षर. पहिल्या पानाच्या डोक्यावर आजीच्या हातची तारीख आणि त्यापुढे ‘दूध’ हा शब्द, पुढे हिशेब नाही. मी पानं वहीच्या शिवणीशी धरून पाहिली. तिसऱ्या पानाचा कोपरा वहीतच राहिला होता, तो बरोबर बसला.

आम्ही दोघींनी ती आठही पृष्ठं वाचली, ती मोठ्यानं आणि मी ऐकत. खाली कंटेनर चालूच होते. वाचून झाल्यावर तिनं पानं पुन्हा पाकिटात घातली, पाकीट पिशवीत ठेवलं. ती पानं त्यांच्या घरची. वही मी मिटली आणि चहाला आधण ठेवलं.